एक इकडं, एक तिकडं

लेना डफी लग्न होऊन सेंट बॅसिल रोडवर आली ती चालत. तसं ठरलं नव्हतं. दिराच्या मोटारीतून, मांडीवर फुलं घेऊन, ऐटीत यायचं ठरलं होतं. बंदरापासून पुलापर्यंत मोटार डांबरावरून सुरेख धावलीही. पूल ओलांडला, आमच्या मतदारसंघाची हद्द लागली आणि डांबर संपलं. ईस्टर नुकताच झाला होता, बर्फ वितळून गेलेलं, आणि त्या दिवसांत आमची तांबडी माती काय करते ते कॅनडातल्या आमच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर कुणाला सांगायला नको. मोटार आसापर्यंत रुतली. नवरदेव, म्हणजे आंब्रोज, कोट काढून घोडा आणायला गेला आणि लेना नवे बूट हातात धरून, झगा गुडघ्यापर्यंत बरबटवून घरी पोचली. सासू दारातच उभी होती. तिनं सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पाय बाहेर धू." या घरात लेनाच्या कानावर पडलेलं ते पहिलं वाक्य.

जेवताना लेनानं विचारलं, पुलाच्या त्या बाजूला डांबर आणि या बाजूला हा राडा, हे असं का? आंब्रोजनं बटाटा सोलता सोलता सांगितलं की तिकडची माणसं दर निवडणुकीला पक्ष बदलतात, आपण तसले नाही. आणि हे त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. आता बोला.

त्या काळी आमच्याकडे प्रत्येक मतदारसंघातून दोन आमदार निवडून जायचे आणि प्रत्येकाला दोन मतं असायची, एकेका जागेसाठी एक. कायद्यात कुठं लिहिलेलं नव्हतं, पण एका जागेला दोन्ही पक्ष कॅथलिक माणूस उभा करायचे आणि दुसऱ्या जागेला प्रोटेस्टंट. म्हणजे धर्मावरून डोकी फुटायला नकोत. फोडायचीच तर तांबडे आणि निळे या पक्षांवरून फोडा. रस्त्याच्या आमच्या टोकाला आम्ही आयरिश कॅथलिक, वरच्या टोकाला ग्लेनमोरात स्कॉटिश प्रोटेस्टंट. आणि दोन मतांचं काय करायचं हे आंब्रोजच्या आजोबांच्या वेळेपासून दोन्ही टोकांना ठरून गेलेलं. कॅथलिक जागा तांबड्यांना द्यायची, प्रोटेस्टंट जागा निळ्यांना. एक इकडं, एक तिकडं.

त्यामागं कारण होतं. आजोबांच्या तरुणपणी एकदा सगळ्यांनी जोशात येऊन दोन्ही जागा तांबड्यांना दिल्या आणि बेटावर सरकार आलं निळ्यांचं. मग पुढच्या निवडणुकीपर्यंत या रस्त्यावर सरकारी फावडं पडलं नाही. पूल वाहून गेला तो तसाच राहिला. टपालवाल्याचं काम गेलं, रस्त्याच्या मुकादमाचं गेलं, धक्क्यावर हेरिंगची पिंपं नुसती सडली. तेव्हा शहाण्या माणसांनी कानाला खडा लावला. सरकार कुणाचंही येवो, आपला एक माणूस आत असलाच पाहिजे. ही गोष्ट आमच्याकडे पोरांना बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबरच पाजतात.

ऐकायला फार हुशारीचं वाटतं ना? लेनाला दोन निवडणुकांत त्यातली मेख कळली. तांबडं सरकार आलं की तांबडा आमदार म्हणायचा, तुम्ही तर घरचेच, घरच्यांना कसली घाई. निळा म्हणायचा, सत्ता आमची नाही, मी काय करणार. सरकार बदललं की दोघं आपापली वाक्यं बदलून घ्यायचे, आणि रस्ता होता तिथंच. डांबर जातं ते जागा डळमळीत असेल तिथं. आमच्या दोन्ही जागा इतक्या पक्क्या की तिथं डांबर वाया घालवायला सरकार काय वेडं होतं? दोन्ही डगरींवर हात ठेवायच्या नादात आम्ही मधल्या चिखलात बसलो होतो, पिढ्यान्‌पिढ्या, आणि वर त्याचा ताठा.

प्रचार असायचा मे महिन्यात, म्हणजे चिखल ऐन भरात. दोन्ही पक्षांच्या झाडून सगळ्या उमेदवारांच्या मोटारी डफींच्या फाटकासमोर रुतलेल्या आहेत आणि झाडून सगळ्या आंब्रोजच्या घोड्यानं, मेजरनं, ओढून काढलेल्या आहेत. उमेदवार रुमालानं हात पुसायचा, 'हे शेवटचं बरं का, पुढच्या वर्षी इथं डांबर' म्हणायचा आणि रमची छोटी बाटली आंब्रोजच्या खिशात सरकवायचा. आंब्रोज तांबड्याचीही घ्यायचा आणि निळ्याचीही. लेना खिडकीतून बघायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा ती तशीच बाहेर गेली आणि त्या उमेदवाराला म्हणाली, "घोड्यालाच उभा करा ना. सगळ्यांत जास्त काम तोच करतो." उमेदवार हसला. आंब्रोज दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, कारण पाहुण्याचा अपमान झाला होता.

असा संसार चालला. दूध, अंडी, बटाटे, ओट्स, आणि रोज संध्याकाळी दाराशी बुटांवरून तेच भांडण. सासू गेली तेव्हा तिचं वाक्य लेनाकडे वारसानं आलं. दोन मुलगे मोठे झाले आणि बाहेर पडले, एक बोस्टनला, एक खाणीवर. राहिली शेंडेफळ बर्नाडेट. बर्नी म्हणायचे सगळे तिला.

बर्नीला शिकायचं होतं. मास्तरीण व्हायचं होतं, आणि होण्यासारखी होती ती. चौकातल्या एका खोलीच्या शाळेत लहान पोरांना तीच वाचायला शिकवायची, बाई शेकोटीपाशी विणत बसायच्या. पण त्या शाळेत दहावीपर्यंतच होतं. पुढची मोठी शाळा बंदरापाशी नवी निघाली होती, आणि तिची पिवळी बस डांबर सोडून चाक खाली ठेवत नव्हती. बस पुलाशी यायची आणि वळून जायची. डफींच्या घरापासून पूल चार मैलांवर. बंदराशी खोली घेऊन पोरीला ठेवायचं तर तेवढी डफींची ऐपत नव्हती. बर्नीची दहावी संपणार होती त्याच वर्षी निवडणूक होती. त्या उन्हाळ्यात डांबर आलं तर सप्टेंबरात बस फाटकाशी येणार, नाहीतर शाळा संपली. इतकं साधं होतं ते.

लेनानं त्या वर्षी कंबर कसली. सुरुवात मात्र झाली ती ग्लेनमोराच्या इफी मॅकनॉटनमुळे. मार्चमध्ये इफीची गाडी डफींच्या समोर रुतली. आंब्रोज मेजरला जुंपेपर्यंत लेनानं तिला आत चहाला बोलावलं. प्रोटेस्टंट बाई आमच्या टोकाच्या स्वयंपाकघरात बसून चहा घेतेय, हे तेव्हा रोजचं नव्हतं. इफी उंच, हाडकुळी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई. बिस्किटावर काकवी ओतून घेत ती म्हणाली, तुमच्या टोकाचे आमची जागा निळ्यांना देतात आणि आमच्या टोकाचे तुमची जागा तांबड्यांना, आणि दोन्ही पक्ष वर्षानुवर्षं आपल्याला चिखलात ठेवतात. लेनानं किटली खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचंच वाक्य तिच्याआधी बोललं होतं.

दोघींनी ठरवलं. या वेळी दोन्ही जागा एकाच पक्षाला. तांबड्यांची हवा आहे असं सगळे म्हणत होते, तर तांबड्यांना. म्हणजे दोन्ही टोकांनी फक्त एकच नवी गोष्ट करायची, प्रोटेस्टंट जागाही तांबड्याला द्यायची. इफीचं काम अवघड, कारण ग्लेनमोरात निळ्याला मत न देणं म्हणजे बापाच्या थडग्यावर पाय देण्यासारखं. पण ती दारोदार गेली. लेनाही गेली. गोधड्या शिवायला बायका जमल्या तिथं बोलली, चर्चच्या जेवणात बटाटे वाढताना बोलली, कुणाच्या गोठ्यात धार काढताना पाठीमागं उभी राहून बोलली. तांबड्यांचे एक मंत्री राजधानीहून आले, त्यांनाही या दोघींनी हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभं करून वदवून घेतलं की दोन्ही जागा मिळाल्या तर त्याच उन्हाळ्यात डांबर. माना हलल्या. म्हाताऱ्यांच्याही हलल्या.

एक आंब्रोज तेवढा हलेना. दुकानात, चक्कीवर, चर्चच्या पायऱ्यांवर तो ज्याला त्याला ऐकवायचा की बायकांनी आता सरकार हातात घेतलंय, आपण रांधायला शिकू. आजोबांचा पूल आणि सडलेली हेरिंग दहादा सांगून झाली. घरात लेना त्याला म्हणायची, लाज नाही वाटत, स्वतःच्या पोरीच्या आड येतोस? तो पाइपात तंबाखू भरत बसायचा. मतदानाच्या आदल्या दिवशी मात्र तिनं भांडण केलं नाही. बर्नी पडवीत बसून कुणाच्या तरी पोराला स्पेलिंगं घालत होती, तिच्याकडं बोट दाखवून लेना एवढंच म्हणाली, "तिच्याकडं बघ आणि दे."

आंब्रोज पाइप झटकून उठला. बोलला असता तर उलटंच बोलला असता, त्याचा तो स्वभावच.

मतदान शाळेच्या त्याच खोलीत होतं. लेना सकाळीच गेली. वाटेत दुकानाशी माणसं उभी होती, त्यांच्यात कुजबुज चालली होती. दुकानदार म्हणाला, पश्चिमेकडे निळ्यांचा जोर आहे म्हणतात, मोटारीच्या मोटारी भरून माणसं नेतायत. खरं-खोटं कोण जाणे, पण लेना तेच डोक्यात घेऊन शाळेत शिरली. पडद्यामागं गेली, पेन्सिल हातात घेतली. कॅथलिक जागेची फुली तिनं तांबड्यासमोर मारली. दुसऱ्या कागदावर हात थांबला.

समजा निळेच आले. आणि आपल्या दोन्ही जागा तांबड्या. मग डांबर तर सोडाच, खडीचं गाडंसुद्धा या रस्त्यावर येणार नाही. बर्नीचं या वर्षीचं गेलं तर गेलं, पण मग पुढचंही गेलं, आणि त्याच्या पुढचंही. सडलेल्या हेरिंगचा वास तिनं कधी घेतला नव्हता, पण त्या क्षणी तो तिला आला. बाकी सगळे तर तांबड्याला देतायतच. तिनं स्वतः घरोघर जाऊन सगळ्यांकडून शब्द घेतले होते. सगळ्यांचं एकीकडं असताना एखादं मत सांभाळायला म्हणून दुसरीकडं असलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? लेना डफीनं, जिनं तीन महिने सगळ्या रस्त्याचं डोकं खाल्लं होतं तिनं, प्रोटेस्टंट जागेसाठी निळ्यासमोर फुली मारली, कागद घडी करून पेटीत टाकला आणि बाहेर आली.

बाहेर आंब्रोज रांगेत उभा होता. त्यानं विचारलं, "दिलीस?"

"दिली," ती म्हणाली.

संध्याकाळी रेडिओवर निकाल आले. तांबड्यांचं सरकार, दणदणीत. पश्चिमेकडच्या निळ्यांच्या जोराचा कुठं मागमूस नव्हता. मग आमचा मतदारसंघ आला. कॅथलिक जागा तांबडी, भरघोस मतांनी. प्रोटेस्टंट जागा निळी. हाताच्या बोटांवर मोजावीत इतक्या मतांनी, पण निळी.

बर्नी टेबलाशी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती रडली नाही, तिनं फक्त विचारलं, "कुणी केलं, आई? सगळे तर हो म्हणाले होते."

आंब्रोज दाराशी बूट काढत होता. लेनाच्या तोंडून निघून गेलं, "विचार तुझ्या बापाला."

आंब्रोजनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग काढलेला बूट पुन्हा पायात घातला आणि गोठ्यात निघून गेला. त्यानं नाही म्हटलं नाही, आणि महिनाभर तो गावभर जे बोलत फिरला होता ते बर्नीनंही ऐकलं होतंच. पोरीनं काय समजायचं ते समजून घेतलं. लेनानं ते समजू दिलं. त्या वेळी तिला एवढंच कळत होतं की बर्नीचे ते डोळे आपल्याकडं वळायला नकोत.

पुढं काय झालं ते कुणीही सांगेल. मंत्री म्हणाले, तुम्ही अर्धं दिलंत, अर्ध्या रुंदीचं डांबर घालू का? आमचं टोक म्हणालं ग्लेनमोरावाले फुटले, त्यात लेनाचाही सूर, आणि ग्लेनमोरावाले म्हणाले आयरिशांनी शब्द फिरवला. आंब्रोज मात्र दोन्ही टोकांना फितूर ठरला, दुकानात त्याला कुणी बसही म्हणेना. इफी आणि लेना दुकानात समोरासमोर आल्या तर पिठाच्या पोत्यांचे भाव वाचत राहायच्या. बर्नीनं सप्टेंबरात चालत जायचं ठरवलं. पहाटे अंधारात निघायची, पुलाशी बूट बदलायची, बसमध्ये बसायची. ऑक्टोबर काढला, नोव्हेंबरचा चिखल काढला. नाताळाच्या आधी छातीत कफ भरून ती पडली ती फेब्रुवारीत उठली, आणि शाळेचं नाव तिनं परत काढलं नाही. वसंतात आतेबहिणीच्या सोबतीनं टोरांटोला गेली आणि तिथल्या बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरायला लागली. जाताना आईला मिठी मारली. मेजरच्या मानेवरून हात फिरवला. गाडी जुंपून बाप शेजारी उभा होता, त्याला म्हणाली, "येते."

महिन्याच्या पहिल्या रविवारी ती फोन करायची. आमच्या रस्त्यावर सगळ्या घरांना मिळून एकच तार होती. डफींची घंटा दोन लांब, एक आखूड. घंटा कुणाचीही वाजो, सगळ्या घरांतून हळूच रिसीव्हर उचलले जायचे, आणि प्रत्येक उचलण्याचा टक्‌ असा आवाज तारेवर यायचा. त्याला कुणी चोरी म्हणत नसे, दुसरी करमणूक नव्हती. बर्नी आईशी बोलायची, गायींचं विचारायची, मेजरचं विचारायची. मेजर मेला तेव्हा फोनवर रडली. बापाला फोन दे, असं तिनं कधी म्हटलं नाही. घंटा वाजली की आंब्रोज उठून गोठ्यात जायचा, गोठ्यात काम असो नसो.

लेना त्याला टोचून बोलायची. वर्षानुवर्षं बोलली. पाव जळला, गाय आटली, पोरीचं पत्र उशिरा आलं, सगळ्याचा शेवट त्या एका मतावर. "तू नि तुझे आजोबा," म्हणायची. जितकं आतून खुपायचं तितकी जीभ धारदार व्हायची, आणि आंब्रोज ऐकून घ्यायचा. तिला त्याचाही राग यायचा. हा माणूस एकदा तरी उलटून का बोलत नाही?

आणि मग डांबर आलं. का आलं? शहाणपणामुळे नाही, कुणाच्या मेहनतीमुळे नाही. ती जागा इतक्या थोडक्या मतांनी गेली होती ना, म्हणून आमचा मतदारसंघ राजधानीत आता डळमळीत म्हणून ओळखला जायला लागला. पुढची निवडणूक जवळ आली तसे निळे म्हणाले आम्ही डांबर घालू, तांबडे म्हणाले आम्ही आधीच घालतोय, आणि जुलैमध्ये पुलाकडून रोलर निघाला. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते काळं, गरम, घाण वासाचं प्रकरण डफींच्या फाटकासमोर आलं तेव्हा बर्नीला जाऊन चार वर्षं झाली होती. लेना ओसरीवर उभी राहून बघत होती. तिला आनंद झाला नाही. तिला त्या रोलरला दगड मारावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी आंब्रोज पुलापर्यंत चालत गेला आणि परत आला. आता थकला होता, काठी घ्यायचा. दाराशी येऊन तो सवयीनं वाकला आणि बूट काढायला लागला, बुटांना चिखलाचा कण नव्हता तरी.

"तेव्हाच आलं असतं," तो म्हणाला, "तर पोर मास्तरीण झाली असती."

"तुझ्यामुळं गेलं," लेनानं तिकडून सवयीनंच म्हटलं.

"मी दोन्ही तांबड्यालाच दिली होती."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं कणकेचे हात तसेच ठेवून मागं वळून पाहिलं. आंब्रोज बुटाची नाडी सोडत होता, आणि आंब्रोज डफी आयुष्यात हजार गोष्टी उलट्या बोलला असेल, पण खोटं बोलला नव्हता. हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"काय म्हणालास?"

"दोन्ही तांबड्याला. तू म्हणालीस तिच्याकडं बघ आणि दे, म्हणून बघितलं आणि दिली."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? तू सांगितलंस." बूट जागेवर ठेवत तो म्हणाला. "आणि कुणाला खरं वाटलं असतं? महिनाभर मीच गावभर बोंबलत होतो. वाटलं, तुला कुणावर तरी राग काढायचाय, तर काढू दे."

लेना खुर्चीवर बसली. हाताला कणीक लागलेली तशीच. तिच्या डोळ्यांपुढं ती पेन्सिल आली, तो दुसरा कागद आला. बर्नी बापाला नुसतं 'येते' म्हणून गाडीत चढली ते आलं. हा माणूस दर पहिल्या रविवारी गायींच्या पाठीला टेकून उभा असायचा, तोंडातून चकार शब्द न काढता, आणि आपण आत बसून पोरीशी गोड बोलत होतो. तिला स्वतःची किळस आली.

"आंब्रोज," ती म्हणाली, "निळ्याला मी दिलं होतं. मी घाबरले."

त्यानं काठी भिंतीला टेकवली. रागावला असता तरी चाललं असतं, तिला तेच हवं होतं. मग त्यानं विचारलं, "बर्नीला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग तिला सांग," आंब्रोज म्हणाला. तो जन्मात पहिल्यांदा बायकोला काहीतरी कर म्हणून सांगत होता. "पत्रात नको. पत्र तू आठ दिवस लिहीत बसशील आणि चुलीत टाकशील."

तो पहिला रविवार नव्हता, कुठलाच रविवार नव्हता. लेनानं हात धुतले, भिंतीवरच्या फोनचा दांडा फिरवला आणि टोरांटो मागितलं. बाहेरगावचा फोन, तोही आडवारी. टक्‌. टक्‌, टक्‌. सगळ्या रस्त्याचे कान तारेवर आले. लेनाला ते ऐकू येत होते, प्रत्येक टक्‌ कुठल्या घरचा तेही तिला ओळखता आलं असतं. जिनं या सगळ्यांना पाच वर्षं फितूर म्हटलं होतं, तिला आता या सगळ्यांच्या कानांत बोलायचं होतं. फोन ठेवून द्यावा असं तिला वाटलं. आंब्रोज दाराशी उभा होता, मोजे घातलेल्या पायांनी. गोठ्यात गेला नव्हता.

खोलीच्या मालकिणीनं बर्नीला हाक मारली. बर्नी धापा टाकत आली. "आई? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. ऐक आधी. बाबांनी केलं नव्हतं ते. बाबांनी तुझ्यासाठी म्हणून दोन्ही तांबड्याला दिली होती. निळ्याला मी दिलं, बर्नी. मी सगळ्यांना सांगत फिरले आणि आत गेल्यावर मीच घाबरले. आणि तुला खोटं सांगितलं."

तारेवर नुसता खरखर आवाज. मग मधूनच, कुठूनतरी जवळून, एक घसा खाकरला.

"लेना," इफी मॅकनॉटनचा आवाज आला. "मी पण. दुकानाशी ते पश्चिमेचं ऐकलं आणि..."

"आमच्या घरी दोघांनी," आणखी कुणीतरी पुटपुटलं, चौकाजवळच्या घरातलं. आणि लांबून, ग्लेनमोराच्या पार टोकाकडून, एक म्हातारा आवाज म्हणाला, "मला वाटलं मी एकटाच."

लेनाला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. सगळ्या रस्त्याला वाटलं होतं आपण एकटेच. सगळ्या शहाण्यांनी एकेक मत सांभाळून ठेवलं होतं, आणि रस्त्यावर अक्कल गहाण न टाकलेला एकच माणूस निघाला, ज्याला सगळ्यांनी मिळून वाळीत टाकल्यासारखं वागवलं होतं. तिनं कपाळ फोनच्या पेटीला टेकलं आणि वाट पाहिली, पोरगी फोन आपटते त्याची.

"आई," बर्नी म्हणाली. आवाजात राग होता, खूप होता. "तुझ्याशी मी नंतर बोलेन. आणि तुम्ही बाकीचे सगळे ठेवा फोन. मला बाबांशी बोलायचंय."

टक्‌, टक्‌, टक्‌, करत सेंट बॅसिल रोडवरचे रिसीव्हर एकेक करून खाली गेले. लेनानं आपला आंब्रोजच्या हातात दिला आणि या वेळी गोठ्यात ती गेली.